दिवा कोणाच्या तेलावर?



गेल्या उन्हाळ्यात एका कामानिमित्त आमचे इंदूरला जाणे झाले. निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही दारात उभे होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली जवळ आली. पती जाऊन तिला बारा-तेरा वर्षे झाली असतील. एकुलता मुलगा इंदूरच्या सांवेर रोडवर प्लास्टिकचा लहानसा कारखाना चालवितो. तिने सुक्या बोंबलांचा डबा आमच्या हाती दिला आणि म्हटले, “फादर, हा पोराला द्या आणि त्याचा धंदा डोळ्यांनी पाहून या. तो म्हणतो, विहिरीकडचा तुकडा विकून पैसे पाठव, कारखान्यावर सूर्याची वीज बसवितो. मला त्यातले काही समजत नाही. तुम्ही सांगाल तसे करीन.”

शेवटचे वाक्य ऐकून आम्हांस अवघडल्यासारखे झाले. विहिरीकडचा तुकडा म्हणजे त्या घरातील शेवटची वाडी. आजोबांनी लावलेली नारळाची झाडे तीवर अजून उभी आहेत. विजेविषयी आमचे ज्ञान म्हणाल तर बटण दाबावे आणि दिवा लागावा, एवढेच. परंतु एखाद्या माउलीने विश्वासाने प्रश्न विचारला असता ‘तो आमचा विषय नव्हे’ असे म्हणून पाठ फिरविणे आमच्या वस्त्रांस शोभण्यासारखे नव्हते. तेव्हा पाहू, विचारू आणि जे समजेल ते येऊन सांगू, असे वचन देऊन आम्ही बोरीवलीहून रात्रीची गाडी धरली.

इंदूर शहर मराठी माणसाला परके वाटत नाही. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी घरे नांदत आली आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात माळव्याची हिंदी अशी मिसळून गेली आहे की ऐकणाऱ्यास मौज वाटावी. शहराच्या उत्तरेस सांवेर गावाकडे व पुढे उज्जैनकडे जाणारा जो रस्ता, तोच सांवेर रोड. त्याच्या आजूबाजूस औद्योगिक वसाहत पसरली आहे. एका शेडमध्ये औषधाच्या गोळ्या बनतात, दुसरीत लोखंड कापले जाते, तिसरीत पुठ्ठ्याची खोकी तयार होतात. आमच्या तरुणाची शेड अशाच एका गल्लीत आहे. आत बाटल्यांची झाकणे बनविणारी तीन यंत्रे आणि सहा कामगार. शेड भाड्याची आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

बोंबलांचा डबा पाहून तो लहान मुलासारखा हसला. मग कपाटातून विजेची बिले काढून त्याने आमच्यापुढे ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. “फादर, कच्चा माल माझ्या हातात नाही, भाडे माझ्या हातात नाही. बिल भरले की जे उरते त्यात सहा घरे चालायची. असेच चालले तर दोन पोरांना घरी पाठवावे लागेल. छपरावर सूर्याची वीज आली तर सुटका होईल. आईला एवढेच समजावून सांगा.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या दोन मुलांपैकी एक तेथेच झाकणे मोजत बसला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याचा पगार, माउलीची वाडी आणि टेबलावरचे ते कागद हे सारे एकाच दोरीत गुंतलेले आहे, हे पाहून आम्ही मनातून अस्वस्थ झालो.

इतक्यात जेवणाची सुट्टी झाली. यंत्रे थांबली, कामगार डबे घेऊन बाहेर गेले. त्या कारखान्यात अधूनमधून दुरुस्तीसाठी येणारे एक वयस्क मराठी मिस्तरी आहेत. त्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी संबंध केवळ आडनावापुरता उरला आहे. ते आमच्याजवळ येऊन म्हणाले, “फादरसाहेब, दोन मिनिटे अगदी चूप बसा आणि काय ऐकू येते ते सांगा.”

आम्ही कान दिला. कोपऱ्यातील हवेचा कॉम्प्रेसर अजून धडधडत होता. कोणी काम करीत नव्हते, तरी तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होई. आणि त्याच्या मधल्या शांततेत, भिंतीवरच्या नळ्यांमधून, साप फुत्कारावा तसा बारीक आवाज येत होता. एक येथे, एक तेथे, एक पार दाराशी.

“हा आवाज रोजचा आहे,” मिस्तरी म्हणाले. “यंत्रे चालू असली की कोणाला ऐकू येत नाही. यांचे पैसे इथून जातात, आणि हे छपराकडे बघतात.”

तरुण थोडा वरमला, पण त्याने लगेच उत्तर दिले, “काका, एवढ्याशा फुसफुशीने माझे बिल कमी होणार आहे का? समोरच्या मोठ्या कारखान्यात बघा, दिवसाढवळ्या दिवे जळतात. काटकसर काय ती आम्ही गरिबांनीच करायची?”

हा प्रश्न आम्ही विसरू शकलो नाही. त्याचे उत्तर पुढे देण्याचा प्रयत्न करू. आधी मिस्तरींचे म्हणणे सांगतो, कारण त्यात आम्हां सर्वांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दाबून भरलेली हवा ही कारखान्यातील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक. कॉम्प्रेसरला जी वीज आपण देतो तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन उडून जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष कामास येतो. अशा महाग हवेच्या नळीला ज्वारीच्या दाण्याहून लहान, म्हणजे तीन मिलिमीटरचे, एक भोक पडले आणि आतला दाब सात बार असला, तर त्या एका भोकापायी सुमारे तीन ते चार किलोवॅट शक्ती वाया जाते. वीस तास कॉम्प्रेसर चालला की साठ-सत्तर युनिटे हवेत गेली. आपल्या गावातील कित्येक घरांना महिनाभरात एवढी वीज लागत नाही. दुर्लक्ष झालेल्या कारखान्यांत वीस-तीस टक्के हवा अशी गळून जाणे हे काही नवल नव्हे. आणि उपाय काय, तर वाटीभर साबणाचे पाणी, एक ब्रश आणि दोन तास. पाणी लावताच जेथे बुडबुडे येतील तेथे खूण करावयाची आणि जोड घट्ट करावयाचा किंवा नळी बदलावयाची. त्याखेरीज, गरज सहा बारची असताना दाब सातवर ठेवण्याचे कारण नाही. एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरचा सहा-सात टक्के खर्च वाचतो.

मग त्यांनी झाकणे बनविण्याच्या यंत्राकडे आम्हांस नेले. प्लास्टिक वितळविण्यासाठी तेथे लोखंडी नळकांडे दोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. ते उघडेच होते. जवळ हात नेताच चटका बसावा अशी धग. म्हणजे यंत्र प्लास्टिक तापवीत होते, त्याचबरोबर शेडही तापवीत होते, आणि शेड तापली म्हणून चार मोठे पंखे चालू होते. उष्णता अडविणारे जाड वेष्टण त्या नळकांड्यावर चढविले तर दोन्ही खर्च कमी होतात. पुढे मोटरींची गोष्ट निघाली. जळलेली मोटर दोनदा-तीनदा गुंडाळून घेतली की ती चालते खरी, पण निष्काळजीपणे गुंडाळलेली मोटर पूर्वीपेक्षा जास्त वीज खाते. विजेच्या पॅनेलमधील कपॅसिटर बिघडला तर पॉवर फॅक्टर घसरतो आणि बिलात दंड लागतो. बिलावर ती ओळ छापलेली होती. आमच्या तरुणाने ती कधी वाचली नव्हती.

एवढे सारे सांगून झाल्यावर मिस्तरी म्हणाले, “हंड्याला भोक असेल तर नदी दारात आणून काय उपयोग? आधी गळती बुजवा, मग सूर्याचे बघा. गळक्या कारखान्यावर सूर्य बसविला तर सूर्यही गळणार.”

वाचकहो, हेच त्या प्रवासाचे सार आहे. गळती न बुजविता सूर्याची वीज घ्यावयाची तर वाया जाणाऱ्या युनिटांसाठीदेखील पट्ट्या विकत घ्याव्या लागतात. दहा किलोवॅटने भागले असते तेथे पंधरा लागतात. आणि त्या जास्तीच्या पाचांची किंमत म्हणजेच माउलीच्या वाडीतील नारळ.

शिवाय छपराचा प्रश्न होताच. शेड भाड्याची असल्याने छप्पर मालकाचे. त्यावरचे पत्रे जुने, सिमेंटचे. ते पट्ट्यांचा भार व माणसांची ये-जा सोसतील की नाही याची शंका. आणि ज्या पट्ट्या पंचवीस वर्षे टिकतात त्या अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या छपरावर बसविणे हा कसला व्यवहार? मालकाने उद्या शेड रिकामी करावयास सांगितली तर? सूर्य सर्वांचा असला तरी छप्पर सर्वांचे नसते. लहान उद्योजकांची ही खरी अडचण आहे, आणि तिचा विचार धोरणे आखणाऱ्यांनी अधिक करावयास हवा.

त्या संध्याकाळी आम्ही त्या तरुणाच्या घरी जेवलो. हात धुण्यास उभे राहिलो असता त्याच्या पत्नीने सांगितले, “फादर, हे नर्मदेचे पाणी.” आम्ही कौतुकाने ओंजळ भरली. परंतु मिस्तरींची शिकवणी ताजी असल्यामुळे मनात प्रश्न आला की नर्मदा तर विंध्याच्या पलीकडे, खाली निमाडात वाहते. मग ती येथे माळव्याच्या पठारावर चढली कशी?

ती विजेच्या बळावर चढते. खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर लांब नळांतून, मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्याने, हे पाणी चारशे मीटरांहून अधिक उंचीवर आणले जाते. इंदूरच्या नागरिकांनी १९७० साली त्यासाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली नर्मदा शहरात आली. हजार लिटर पाणी चारशे मीटर उंच चढविण्यास, पंपाची व नळाची तूट न धरतादेखील, एक युनिटाहून अधिक वीज लागते. तूट धरली तर पुष्कळच जास्त. म्हणजे इंदुरात जो नळ ठिबकतो तो केवळ पाणी सांडत नाही. डोंगराच्या पायथ्याशी कोठेतरी एक दिवा तो व्यर्थ जाळीत असतो.

या खर्चाने महानगरपालिकेचे कंबरडे वाकते, म्हणून तिने एक वेगळा मार्ग धरला. २०२३ च्या फेब्रुवारीत तिने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे लोकांना विक्रीस काढले. जलूदजवळ ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावा आणि नर्मदेचे पाणी सूर्याच्या बळावर चढवावे, हा त्यामागचा हेतू. नगरपालिकेने सामान्य जनतेपुढे असे हरित रोखे मांडण्याचा हा देशातील पहिलाच प्रसंग होता. रोख्यांना मागणी आली ती सातशे कोटींच्या वर. आपल्या भागात एक मेगावॅटच्या पट्ट्या वर्षाकाठी अदमासे पंधरा-सोळा लाख युनिटे देतात. त्या हिशेबाने साठ मेगावॅट म्हणजे सुमारे नऊ कोटी युनिटे. गळती बुजवून मग सूर्याकडे वळावे, हा धडा नगरपालिकेच्या नळांनाही तितकाच लागू आहे, हे सांगणे नकोच.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. काटकसर गरिबांनीच का करावी?

उत्तर देण्यापूर्वी आपण दुसरा एक प्रश्न विचारू या. आपला दिवा जळतो तो कोणाच्या तेलावर? मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात संत सिंगाजी यांच्या नावाने मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. २,५२० मेगावॅट त्याची क्षमता. ते कोळशावर चालते. त्याच जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरा सागर धरण आहे, १,००० मेगावॅटचे. कोळशाला धूर आहे, धरणाला धूर नाही, म्हणून धरणाची वीज निर्मळ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्या धरणाच्या पाण्याखाली सुमारे अडीचशे गावे पूर्णतः वा अंशतः गेली. हरसूद नावाचे एक भरले बाजारपेठेचे गाव २००४ च्या पावसाळ्यात रिकामे करावे लागले. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी मोडली. विटा, दारे, पत्रे गाडीवर चढविले आणि निघाले. कोणाची शाळा गेली, कोणाची दफनभूमी गेली, कोणाचे पिढीजात दुकान गेले. आपल्या घरी संध्याकाळी जो दिवा लागतो त्याच्या वातीत असे कोणाचे तरी घर भिजलेले असते.

हे लिहिताना धरणे बांधूच नयेत असा आमचा अर्थ नाही. वीज हवी. माउलीच्या स्वयंपाकघरात हवी, दवाखान्यात हवी, मुलाच्या पुस्तकावर हवी. पण जी वस्तू दुसऱ्याच्या घराच्या किमतीवर आपल्याकडे येते तिची उधळपट्टी करण्याचा अधिकार कोणालाच नाही, श्रीमंताला तर मुळीच नाही. समोरच्या मोठ्या कारखान्यातील दिवसाढवळ्या जळणारे दिवे हा अन्यायच आहे, आणि तो थांबविण्यासाठी कायदा हवा. तो आहेही. २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००२ पासून त्यासाठी केंद्राचे स्वतंत्र कार्यालय काम करीत आहे. मोठ्या कारखान्यांना ठराविक काळाने ऊर्जेची तपासणी करून घ्यावी लागते. पंखे, फ्रीज यांवर आपण जे तारे पाहतो ते याच प्रयत्नांचे फळ. मात्र दुसऱ्याने उधळले म्हणून आम्हीही उधळू, हा न्याय नव्हे. आमच्या तरुणाला आम्ही एवढेच म्हणालो, “बाळ, समोरचा दिवे जाळतो त्याने तुझे बिल वाढत नाही. तुझे बिल तुझ्या नळीतून वाढते.” तो हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साबणाचे पाणी कालविताना आम्ही त्याला पाहिले.

इंदुरात आणखी काही गोष्टी ऐकल्या, त्या थोडक्यात सांगतो. शहरातील बरली संस्था १९८५ पासून खेड्यांतील व आदिवासी पाड्यांवरील मुलींना शिक्षण देते. तेथे मोठ्या आरशांच्या तबकड्यांवर सूर्याच्या उष्णतेने मुलींचे अन्न शिजते. ज्यांनी ही संस्था अनेक वर्षे चालविली त्या जनक पलटा मॅक्‌गिलिगन यांनी पुढे आपल्या आयरिश पतीसमवेत जवळच्या सनावदिया गावी वास्तव्य केले, आणि सूर्य व वारा यांपासून वीज निर्माण करून शेजारच्या आदिवासी वस्तीच्या रस्त्यावर दिवे लावले. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या शिर्डीतही २००९ पासून ७३ तबकड्यांवर वाफ तयार करून भक्तांसाठी अन्न शिजविण्याची सोय आहे. इंदुरातील दुसरी गोष्ट कचऱ्याची. घरोघरीचा ओला कचरा वेगळा गोळा करून त्यापासून वायू बनविणारा कारखाना तेथे २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता, आणि त्या वायूवर शहरातील बसगाड्या धावाव्यात अशी योजना. भाजीच्या देठांवर बस चालते हे ऐकून आमच्या आजीने क्रुसाची खूण केली असती! पण या साऱ्याचे मूळ स्वयंपाकघरात आहे. ओला आणि सुका हे दोन डबे गृहिणीने वेगळे ठेवले नाहीत, तर तो कोट्यवधींचा कारखाना लंगडा पडतो.

सूर्यालाही मर्यादा आहेत, हे आपण विसरू नये. दिवेलागणीला घरोघरी वीज हवी असते, आणि सूर्य तेव्हाच निरोप घेतो. साठविण्याच्या बॅटऱ्या अजून स्वस्त नाहीत. म्हणून जे काम दिवसा होऊ शकते ते दिवसाच उरकावे, यात शहाणपण आहे. आपल्या आया वाळवण ऊन पाहूनच घालीत; रात्री पापड वाळत घातलेले कोणी पाहिले आहे काय? केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांमागेही हीच दृष्टी आहे. उन्हाच्या वेळी वीज स्वस्त व संध्याकाळच्या गर्दीत महाग, असे दर ठरविण्याचे धोरण त्यांनी आखून दिले, आणि कारखान्यांपासून त्याचा आरंभ केला. मिस्तरींनी आमच्या तरुणाला दर-पत्रक नीट वाचावयास सांगितले आणि जड काम दुपारी, हलके काम संध्याकाळी अशी पाळी लावून दिली.

या विषयाचा आपल्या श्रद्धेशी संबंध काय, असे कोणी विचारील. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनाविषयी जे परिपत्रक लिहिले त्यात, निष्कारण जळणारे दिवे बंद करणे, खाता येईल तेवढेच शिजविणे, अशा घरगुती गोष्टींचा मुद्दाम उल्लेख आहे. व्हॅटिकनमधील मोठ्या सभागृहाच्या छपरावर २००८ सालीच सौर पट्ट्या बसविल्या गेल्या; आणि २०२४ साली पोप महोदयांनी रोमच्या बाहेर, शेती आणि सौर पट्ट्या एकाच जमिनीवर नांदतील असा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला. पाच हजारांना जेवू घातल्यानंतर उरलेले तुकडेदेखील टोपल्यांत गोळा करविणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत. भरपूर असतानाही वाया न घालविणे, हे त्या प्रसंगाचे अर्धे मर्म आहे. आपण चमत्कार लक्षात ठेवतो आणि टोपल्या विसरतो.

गावी परतल्यावर आम्ही प्रथम आमच्याच घराकडे पाहिले, आणि लाज वाटली. मंदिरातील दिवे मिस्सेनंतर तासभर जळत. सभागृहातील पंखे सभा संपल्यावरही रिकाम्या खुर्च्यांना वारा घालीत. टाकी भरून वाहू लागली की पंप बंद करावयाचा, ही आमची पद्धत. इंदुरात जाऊन दुसऱ्याच्या नळीतील फुत्कार ऐकून आलो, पण स्वतःच्या दारातील धार आम्हांस आजवर ऐकू आली नव्हती. आता हे सुधारण्यास आम्ही आरंभ केला आहे. वाचकांनीही आपापल्या घरी करावा, म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

साठ वॅटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी दिवा करतो. जुना पंखा सुमारे पंच्याहत्तर वॅट खातो. नव्या पद्धतीच्या मोटरीचा पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला दहा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला बारा-तेरा युनिटे वाचतात. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये, त्याच्या दाराचे रबर सैल झाले असल्यास बदलावे. वाडीतील पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असेल, नळाला नको तितकी वळणे असतील, तर पंप तेवढ्याच पाण्यासाठी जास्त वेळ चालतो. हे सारे झाल्यावर मग छपराकडे पाहावे. स्वतःचे पक्के छप्पर असणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २०२४ साली सूर्यघर योजना आणली. तीत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिकास एकूण ७८,००० रुपये असे साहाय्य ठरविले गेले. एक किलोवॅटच्या पट्ट्यांस सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि त्या दिवसाला सरासरी चार युनिटे देतात. त्याच वर्षी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. एका लहानशा डोंगरी वाडीने जे केले ते आपल्या गावांना अशक्य का असावे? परंतु कर्ज काढण्यापूर्वी स्वतःचे बारा महिन्यांचे बिल पुढ्यात घेऊन बसावे, आणि विक्रेत्याच्या जिभेपेक्षा आपल्या मीटरवर अधिक विश्वास ठेवावा.

माउलीला आम्ही काय सांगितले, हे वाचकांना ऐकावयाचे असेल. आम्ही तिला म्हणालो, “बाय, तुझा पोरगा प्रामाणिक आहे आणि सूर्याची वीजही खोटी नाही. पण छप्पर भाड्याचे आहे आणि कारखाना अजून गळका आहे. वाडी आज विकू नकोस. त्याला एक वर्ष दे.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि त्या वर्षात त्याचे बुडाले तर, फादर?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि नाही. ‘तुम्ही सांगाल तसे करीन’ या वाक्याचे ओझे तेव्हा पुरते कळले.

पावसाळा सरल्यावर त्या तरुणाचे पत्र आले. गळत्या बुजविल्या, वेष्टणे चढविली, कपॅसिटर बदलला. बिल उतरले आहे. त्याला वाटले होते तितके नाही, पण दंडाची ओळ आता नाही. शेडच्या मालकाशी लांब मुदतीच्या कराराचे बोलणे चालू आहे. ते जमले तर बँकेचे कर्ज काढून, पूर्वी ठरविल्यापेक्षा कमी पट्ट्या बसवाव्यात असा विचार आहे. सहाही कामगार कामावर आहेत. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, “जेवणाच्या सुट्टीत आता आम्ही सगळे दोन मिनिटे गप्प बसतो. काका सांगतात म्हणून.”

वाचकहो, आज रात्री दिवे मालविण्यापूर्वी आपणही आपल्या घरात दोन मिनिटे गप्प बसून पाहा. कोठे नळ ठिबकत असेल, कोठे रिकाम्या खोलीत पंखा फिरत असेल. उठून तो बंद करा. दूर कोठेतरी कोणाच्या तरी तेलाचा एक थेंब वाचेल.